रोजचं अपडाऊन: आधी परतीची गाडी बघा

गावातल्या पोराला नागपुरात नोकरी लागली की घरातून पहिला प्रश्न येतो, "जाशीन कशानं?" मला लागली तेव्हा आईनं हेच विचारलं होतं आणि मीही सकाळचीच सोय सांगितली होती. सातची गाडी आहे, दहाला टेबलावर. संध्याकाळी येणार कशानं, हे ना तिनं विचारलं ना मी बघितलं. पहिल्या महिन्यात सहा रात्री मी नागपुरात मित्राच्या खोलीवर काढल्या, कारण काम सुटायचं साडेसहाला आणि आमच्या बाजूची सोयीची शेवटची गाडी तोवर निघून गेलेली असायची.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, सिंदी रेल्वेपासून सातेक किलोमीटर आत. नागपूर पन्नास किलोमीटर. एसटी, रेल्वे, फटफटी, चौघांत मिळून कार, असं सगळं करून झालं आहे. पुढे जे लिहितो ते उमरेड, काटोल, सावनेर, मौदा, कुठूनही अपडाऊन करणाऱ्याला लागू पडेल. अमरावतीला किंवा अकोल्याला जाणाऱ्यांनी फक्त गावांची नावं बदलून घ्यावी.

एका वहीपासून सुरुवात करा

नोकरीवर रुजू व्हायच्या आधी आठवडाभर हातात असेल तर तो वहीत घाला. पानावर चार रकाने पाडा. पहिल्या रकान्यात संध्याकाळ लिहा: काम सुटल्यावर किती वाजता कोणत्या थांब्यावर पोचलात, गाडी किती वाजता आली, तिच्यात पाय ठेवायला जागा होती का, घरी किती वाजता पोचलात. सकाळ दुसऱ्या रकान्यात. तिसऱ्यात खर्च, आणि चौथ्यात काही अडलं असेल तर ते.

फळ्यावरची वेळ लिहू नका. तुमच्या फाट्यावर गाडी प्रत्यक्ष आली ती वेळ लिहा. मधल्या फाट्यावरून चढणाऱ्याचं आणि स्टँडवरून बसणाऱ्याचं गणित वेगळं असतं. स्टँडवर रिकामी लागलेली बस संध्याकाळी बुटीबोरीपर्यंत खच्चून भरते, आणि भरलेली बस फाट्यावर हात दाखवून थांबेलच याचा भरवसा नाही. म्हणून संध्याकाळी चढायला शक्यतो गाडी सुटते तिथपर्यंत जा, गणेशपेठच्या मध्यवर्ती स्थानकावर किंवा सीताबर्डीच्या मोरभवनला, जिथून तुमच्या बाजूची गाडी सुटत असेल तिथे. शहरात वीस मिनिटं उलटं जावं लागलं तरी चालेल. बसायला जागा मिळते आणि गाडी चुकत नाही.

वेळ दारापासून दारापर्यंत मोजा. "रेल्वेनं एका तासात नागपूर" हे वाक्य मी शंभरदा ऐकलं आहे. त्यात घर ते स्टेशन वीस मिनिटं, गाडी लावून फलाटावर जायला दहा, गाडी येईपर्यंत पंधरा आणि उतरल्यावर ऑफिसपर्यंत वीस मिनिटं धरलेली नसतात. खरा आकडा दोन तासांच्या पुढे जातो. येऊन-जाऊन चार तास म्हणजे महिन्याचे शंभर तास झाले. साधन निवडताना या शंभर तासांत बसायला मिळतं का, झोप मिळते का, की अंगावर वारा घेत रस्त्यावर डोळे ताणावे लागतात, याला मी पैशांइतकंच वजन देतो.

पैशांचा हिशेब

इथे बहुतेकांचं चुकतं, म्हणून जरा थांबून मांडतो.

एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यानं चालतं. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या बसचा टप्पा साधारण दहा रुपये झाला. अठ्ठेचाळीस किलोमीटरचे आठ टप्पे, म्हणजे एका वेळेचे ऐंशीच्या आसपास, येऊन-जाऊन एकशे साठ. महिन्याला सव्वीस दिवस गेलात तर ४,१६०. मासिक पासात वीस दिवसांचं भाडं भरून तीस दिवस प्रवास करता येतो, म्हणजे ३,२००. जवळपास हजार रुपये वाचले.

पण हा हिशेब आठवड्याला सहा दिवस जाणाऱ्याचा आहे. राज्य सरकारच्या कार्यालयांना फेब्रुवारी २०२० च्या अखेरीपासून पाच दिवसांचा आठवडा आहे. तिथे महिन्याचे कामाचे दिवस बावीसच्या आसपास. त्यातून सण आणि दोन रजा वजा केल्या की एकोणीस-वीस उरतात. अशा माणसानं पास काढला तर वाचत काहीच नाही, उलट एखाद्या महिन्यात पदरचे जातात. दिवाळीच्या महिन्यात तर पास काढूच नये.

बायकांचा हिशेब आणखी वेगळा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. सव्वीस दिवस अर्ध्या तिकिटानं जाणं म्हणजे तेरा दिवसांचं पूर्ण भाडं. पासाला वीस दिवसांचं लागतं. आमच्या शेजारची वहिनी दवाखान्यात नोकरीला आहे. "सगळे काढतात" म्हणून तिनं तीन महिने पास काढला होता. रोजचं तिकीट काढलं असतं तर दर महिन्याला अकराशेच्या वर रुपये घरात राहिले असते. घरात पासष्ट ते पंचाहत्तर वयाचं कुणी असेल तर त्यांनाही अर्धं तिकीट, पंचाहत्तरच्या पुढे मोफत. कॉलेजात जाणाऱ्या पोरांनी मात्र विद्यार्थी पासच काढावा, त्याची सवलत दोन तृतीयांश आहे.

पास काढताना एक बघा. ज्या दोन थांब्यांमधला आणि ज्या प्रकारच्या बससाठी काढला, तेवढ्यापुरताच तो चालतो. तुमच्या वेळेला साधी बस येत नसेल तर साध्या बसचा पास खिशात ठेवून उपयोग नाही.

आता फटफटी. पोरं फक्त पेट्रोल मोजतात. रोजचे शंभर किलोमीटर, गाडीचं अ‍ॅव्हरेज पन्नासचं, दोन लिटर पेट्रोल, एकशे पाचचा भाव धरला तर दोनशे दहा. सव्वीस दिवसांचे ५,४६०. "एसटीपेक्षा थोडं जास्त, पण वेळ वाचतो" असं म्हणून विषय संपवतात. पण महिन्याला २,६०० किलोमीटर गाडी चालते तेव्हा ऑईल आणि सर्व्हिसिंग जवळपास दर महिन्याला येतं, त्याचे पाचशे. दोन टायर वर्षभरही टिकत नाहीत. चेनसेट, ब्रेकशू, क्लच प्लेट हे सगळं मिळून आणखी सहा-सातशे महिन्याचे. शिवाय लाखाची गाडी पाच वर्षांत दीड लाख किलोमीटर चालून भंगाराच्या भावात जाते. तो झिजवणूक-खर्च महिन्याला हजार-बाराशे धरावाच लागतो. माझ्या वहीत हा आकडा ७,८०० वर गेला होता. किलोमीटरला तीन रुपये. तुम्हीही तोच धरून चाला.

रेल्वे जवळ असेल तर

माझा कौल इथे पडतो, आणि तो स्पष्टच सांगतो. घरापासून दहा किलोमीटरच्या आत पॅसेंजर थांबणारं स्टेशन असेल आणि संध्याकाळची गाडी तुमच्या सुटीच्या वेळेनंतर असेल, तर स्टेशनपर्यंत फटफटी आणि पुढे रेल्वे. याच्याइतकं स्वस्त आणि शरीराला सोसणारं दुसरं काही नाही. आमच्या बाजूला सिंदी, तुळजापूर, बोरखेडी, बुटीबोरी. काटोल-नरखेडकडे इटारसीचा मार्ग. भंडाऱ्याकडून येणाऱ्यांना वरठीचं भंडारा रोड, खात, तारसा. कळंबकडच्यांना वर्ध्यापर्यंतची गाडी फेब्रुवारी २०२४ मध्ये मिळाली. उमरेड-कुहीकडच्या लोकांची मात्र पंचाईत झाली. इतवारी-नागभीडची छोटी गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली आणि त्यांचा सगळा भार रस्त्यावर आला.

पासाला रेल्वेत एमएसटी म्हणतात. तीन महिन्यांचा काढला तर महिन्याच्या २.७ पटच पैसे लागतात. स्टेशनवर मिळतो, मोबाईलवर रेलवन अ‍ॅपवरही. आरक्षित डब्यात तो चालत नाही, सुपरफास्ट गाडीसाठी अधिभार वेगळा भरावा लागतो. पासासोबत ओळखपत्र ठेवा. पास संपल्याची तारीख विसरून गाडीत बसलात तर भाड्यावर किमान अडीचशेचा दंड बसतो. मी पासाची तारीख जेवणाच्या डब्याच्या झाकणावर आतून चिकटपट्टी लावून लिहितो. रोज दुपारी ती नजरेसमोर येते.

स्टेशनपर्यंतची फटफटी, ती लावायच्या स्टँडचे पैसे आणि एमएसटी, सगळं मिळून माझा महिना दोन हजारांच्या आत बसतो.

रेल्वेचं दुखणं एकच, उशीर. पॅसेंजरला लूपलाईनला, म्हणजे बाजूच्या रुळावर टाकून मागची एक्स्प्रेस काढतात. नागपूर-सेवाग्राम हा दिल्ली-चेन्नई आणि हावडा-मुंबई अशा दोन्ही मार्गांचा तुकडा, त्यामुळे गाड्यांची रांगच लागलेली असते. तिसऱ्या-चौथ्या मार्गाचं काम सुरू आहे. व्हेअर इज माय ट्रेन हे अ‍ॅप इंटरनेट नसतानाही मोबाईलच्या टॉवरवरून गाडीची जागा दाखवतं. गाडीत बसलेला कुणी ओळखीचा असेल तर त्याचा एक फोन मात्र अ‍ॅपपेक्षा खरा. आमचा अपडाऊनवाल्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. "सेवाग्राम सुटली" एवढा निरोप आला की मी घरून किल्ली उचलतो.

उतरायचं कुठे हेही ठरवून ठेवा. सगळे सवयीनं नागपूर स्टेशनपर्यंत जातात. काम वर्धा रोड, धंतोली, रामदासपेठकडे असेल तर अजनीला उतरा, काँग्रेसनगरचं मेट्रो स्टेशन तिथून जवळ आहे. शंकरनगर, सुभाषनगर, हिंगणा रोडकडे जाणाऱ्यांनी मात्र नागपूरलाच उतरावं आणि तिथून मेट्रोची अ‍ॅक्वा लाईन धरावी, ती थेट लोकमान्य नगरपर्यंत जाते. रस्त्यानं येणाऱ्यांना खापरीहून ऑरेंज लाईन मिळते. शहरातल्या गर्दीत फटफटी घालण्यापेक्षा खापरीला लावून पुढे मेट्रोनं जाणं बरं, विशेषतः मे महिन्यात.

कार, काळीपिवळी, कंपनीची बस

बुटीबोरीच्या एमआयडीसीत काम असेल तर आधी कंपनीची बस कोणत्या फाट्यापर्यंत येते ते विचारा. मुलाखतीतच विचारा, लाजू नका. माझ्या चुलत बहिणीनं पगारात पाचशे कमी असलेली कंपनी केवळ बससाठी धरली. रात्रपाळी सुटली की बस तिला फाट्यावर सोडते, तिथे भाऊ घ्यायला येतो.

कार एकट्यानं परवडत नाही. चौघं जुळले तर जमतं: शंभर किलोमीटरला साडेपाच-सहा लिटर, सहाशेच्या आसपास, माणशी दीडशे. वाटेत राष्ट्रीय महामार्गाचा टोलनाका असेल तर ऑगस्ट २०२५ पासून मिळणारा फास्टॅगचा वार्षिक पास घ्या. सुरू झाला तेव्हा तीन हजारांत दोनशे फेऱ्या होत्या, एका फेरीला पंधरा रुपये पडायचे. पण रोज दोन फेऱ्या धरल्या तर तो शंभर दिवसांत संपतो, हे लक्षात ठेवा. समृद्धी महामार्गावर तो चालत नाही. फटफटीला तर समृद्धीवर प्रवेशच नाही, त्यामुळे सेलूजवळून तो डोळ्यांसमोरून गेला तरी आपल्याला जुनाच रस्ता.

चौघांची कार मोडते ती वेळेवरून. एकाला साहेब थांबवून घेतो, तिघं पार्किंगमध्ये उभे. पहिल्याच दिवशी ठरवून घ्या की दहा मिनिटं वाट बघायची, मग निघायचं, आणि त्याबद्दल कुणी मनात ठेवायचं नाही.

पांढऱ्या पाटीच्या खासगी व्हॅननं रोज भाडं देऊन जाणारे पुष्कळ आहेत. मी सांगेन, टाळा. ती गाडी भाड्याच्या प्रवाशांसाठी नसते, अपघात झाला तर विम्याच्या भरपाईत खोडा येतो. परवान्याची काळीपिवळी असेल तरी आत किती माणसं कोंबली आहेत ते बघूनच पाय ठेवा.

इलेक्ट्रिक स्कूटरबद्दल आजकाल रोज कुणीतरी विचारतं. रोजच्या शंभर किलोमीटरला घेऊ नका. हायवेच्या वेगानं आणि उन्हाळ्याच्या तापात कंपनीनं सांगितलेला पल्ला मिळत नाही, आणि रात्री गावात लाईट गेली की सकाळची ड्युटी बुडते. घर ते स्टेशन एवढ्यासाठी मात्र ती उत्तम.

वर्षाचे तीन ऋतू, तीन हिशेब

वही उन्हाळ्यात भरली असेल तर ती पावसाळ्यात खोटी ठरते.

आमच्या काळ्या मातीची गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. पहिल्या पावसानंतर पांदण रस्त्यानं फटफटी काढली की माती टायरला धरते, मडगार्डच्या आत थर बसत जातो आणि शंभर पावलांवर चाक फिरायचंच थांबतं. मग काडी घेऊन ती खरवडत बसायचं. ऑफिसचे कपडे अंगावर, आणि गाडी येण्याची वेळ झालेली. यावर उपाय एकच. जूनपासून फटफटी डांबरी रस्त्यालगतच्या ओळखीच्या घरी ठेवायची आणि पांदणीतून चालत जायचं, बूट पिशवीत, पायात रबरी चप्पल. नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असेल तर गुडघाभर दिसलं तरी गाडी घालू नका. त्या दिवशीची रजा लावा.

दिवाळीनंतरचे दिवस हवेला चांगले, रस्त्याला वाईट. सोयाबीनची मळणी, मग कापसाची वेचणी. संध्याकाळी सहा-सातला कापसानं भरलेल्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, आणि ट्रॉल्या रस्त्यावर येतात, मागे दिवा नाही. एका कार्तिकात मी अशाच एका बंडीच्या मागे पन्नासच्या वेगानं गेलो. समोरून ट्रकचा उजेड डोळ्यांवर होता. बंडी दिसली तेव्हा अंतर दोन कासऱ्यांचं राहिलं होतं. गाडी डावीकडे नालीत घातली. मनगट मोडलं, डोकं हेल्मेटनं वाचवलं. त्या बंडीवाल्या काकांनीच मला उचलून दवाखान्यात नेलं. प्लास्टर निघाल्यावर मी लाल रिफ्लेक्टर पट्टीचं एक बंडल आणलं आणि गावातल्या बंड्यांच्या मागच्या फळीला पट्ट्या लावल्या. तुमच्या रस्त्यावरच्या गावांत हे कुणी केलं नसेल तर तुम्ही करा, दोन-तीनशे रुपयांचं काम आहे.

त्याच वेळेला रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं धुऱ्यावरून रस्त्यावर येतात. रोही एकटा नसतो. एक गेला की मागचा येईल असं धरून गाडी उभीच करा. अंधार पडल्यावर चाळीसच्या पुढे जाऊ नका. ज्याला रोज अंधारातच परतायचं आहे त्यानं फटफटीचा पर्याय वहीतून खोडावा, असं मी सरळ सांगतो.

उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि संध्याकाळी सहालाही डांबरातून वाफ येते. ओला दुपट्टा, पाण्याची मोठी बाटली, निघण्याआधी पोटभर पाणी. फटफटीवाल्यांनी एप्रिल-मे हे दोन महिने तरी रेल्वे किंवा एसटी धरावी.

दुसरी वाट तयार ठेवा

मार्च २०२० मध्ये पॅसेंजर गाड्या बंद झाल्या आणि रुळावर यायला बराच काळ गेला. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप चालला. या दोन वर्षांत ज्यांच्याकडे एकच साधन होतं त्यांच्या नोकऱ्या गेल्या, हे मी माझ्याच फाट्यावर पाहिलं. म्हणून रेल्वेनं जाणाऱ्यानं एसटीच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा पाठ ठेवाव्या, आणि शहरात एक घर असं असावं जिथे रात्री नऊला फोन करून जाता येतं. त्या घरी सणावाराला शेतातली तूर, हरभरा नेऊन द्या.

बाई एकटी परतत असेल तर थांब्यापासून घरापर्यंतचा शेवटचा किलोमीटर आधी बघा, दिवा आहे का, वस्ती आहे का. तिथे कुणी घ्यायला येणार नसेल तर बाकी सगळं सोयीचं असूनही ती गाडी तिच्या कामाची नाही. रेल्वेत अडचण आली तर १३९, बाहेर कुठेही ११२.

हिशेब करून दारापासून दारापर्यंतचा वेळ येऊन-जाऊन पाच तासांच्या वर जात असेल तर खोली करण्याचा विचार करा. भाडं, खानावळ धरून ती महागच पडते, पण जुलै-ऑगस्टपुरती दोघा-तिघांत खोली घेणारे आमच्याकडे आहेत, आणि शनिवारी ते गावी येतात. शेती सांभाळून नोकरी करणाऱ्याला एवढं पुरतं.

वही टाकून देऊ नका. रेल्वेचं वेळापत्रक बदललं, एसटीची एखादी फेरी बंद झाली, ऑफिसची वेळ हलली की पुन्हा आठवडाभर लिहा. नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यात ऑरेंज लाईन बुटीबोरीपर्यंत येणार आहे. ती सुरू झाली की सेलू, सिंदी, समुद्रपूरकडच्या सगळ्यांचा हिशेब नव्यानं मांडावा लागेल, आणि तेव्हाही पहिल्या रकान्यात लिहायचं ते हेच: बुटीबोरीहून गावाकडे शेवटची गाडी किती वाजता.